रमजान आणि कर्जाची वही

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) आपल्या दुआंमध्ये पापापासून आणि कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. कर्जाचा उल्लेख इतक्या वेळा का, असे कुणीतरी विचारले तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. त्याचा आशय असा, की माणूस कर्जात बुडाला की बोलताना खोटे बोलू लागतो आणि दिलेला शब्द मोडू लागतो. या उत्तरात उपासमारीचा किंवा मालमत्ता जाण्याचा उल्लेख नाही. कर्ज आधी माणसाची जीभ बिघडवते, एवढेच त्यात सांगितले आहे.

ज्या घरातला पगार अचानक बंद झाला आहे, त्या घराला हे उत्तर समजावून सांगावे लागत नाही. दुकानदाराला ‘शनिवारी देतो’, मित्राला ‘बाहेरगावी आहे’, बँकेच्या फोनला ‘मीटिंगमध्ये आहे’ आणि घरात ‘सगळे ठीक आहे’. रोजा फक्त पोटाचा नसतो, डोळ्यांचा आणि जिभेचाही असतो, असे रमजानमध्ये प्रत्येक मशिदीत सांगितले जाते. पण नोकरी गेलेल्या माणसाचा जिभेचा रोजा दिवसातून दहा वेळा अडचणीत येतो. म्हणूनच घराचा हिशेब हा विषय रमजानच्या पानावर शोभतो. तो धर्माबाहेरचा विषय नाही.

पहिला खर्च : खरे बोलण्याचा

सोलापूरसारख्या शहरातले एक घर डोळ्यांसमोर आणू. नावाची गरज नाही, कारण असे घर कोणत्याही पेठेत, कोणत्याही धर्माच्या गल्लीत सापडेल. नवरा टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग सुपरवायझर. पगार २२ हजार. बायको घरी गणवेश शिवते, महिन्याला सात हजार मिळवते. दोन मुले शाळेत, सासूबाईंना रक्तदाबाचे औषध. कारखान्याच्या ऑर्डरी घटल्या, माणसे कमी झाली, त्यात हाही कमी झाला.

अशा वेळी बहुतेक पुरुष पहिले काही आठवडे घरात सांगतच नाहीत. सकाळी डबा घेऊन निघायचे, एखाद्या चहाच्या टपरीवर नाहीतर बागेत दुपार काढायची आणि नेहमीच्या वेळेला परतायचे. रमजानमध्ये डब्याचाही प्रश्न नसतो, त्यामुळे हे सोंग अधिक दिवस टिकते. शेवटी एखाद्या दिवशी धाकटी मुलगीच विचारते, ‘‘अब्बा, आज कामकू नई गए क्या?’’ आणि सगळे उघडे पडते.

या लपवाछपवीची किंमत रोख मोजावी लागते. बायकोला माहीत नसते म्हणून मुलाची शिकवणी चालू राहते, ईदच्या कपड्यांचा बेत होतो, भिशीत नवा हप्ता धरला जातो. तिकडे नवरा क्रेडिट कार्डावर पेट्रोल भरतो आणि मोबाइलवरच्या ॲपवरून पाच-दहा हजार उचलतो. दोन महिने गप्प राहण्यात जे कर्ज होते, ते फेडायला वर्ष जाते. म्हणून अशा घराचा पहिला खर्च पैशांचा नसतो, तो लाजेचा असतो. ज्या दिवशी पगार बंद होतो, त्याच आठवड्यात नवरा-बायकोने वही घेऊन बसावे. तरावीहनंतर मुले झोपली की निवांत तासभर मिळतो. तेवढा पुरतो.

वही उघडल्यावर

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दलही नाही. सूरह बकराची ती २८२ वी आयत उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. देणे-घेणे लहान असो वा मोठे, मुदतीसह लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असे ती बजावते. आणि मजकूर कुणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. म्हणजे दुबळ्या बाजूच्या तोंडून व्यवहार लिहिला जावा, अशी त्यात काळजी आहे. नात्यात ‘आपल्यात कसले लिहायचे’ म्हणणाऱ्यांनी ही आयत एकदा नीट वाचावी.

आपल्या उदाहरणातल्या घराने वही उघडली. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण ओळखीचे वाटतील. घरभाडे पाच हजार. किराणा, दूध, भाजी साडेआठ हजार. वीज आणि गॅस २,२००. शाळा आणि मुलांची रिक्षा २,५००. औषधे १,२००. मोबाइल आणि पेट्रोल १,६००. बेरीज २१ हजार. वर दुचाकीचा हप्ता २,९००, वैयक्तिक कर्जाचा हप्ता ४,१०० आणि क्रेडिट कार्डाची ‘किमान रक्कम’ १,२००. एकूण खर्च २९,२००. दोघांची मिळकत होती २९ हजार. म्हणजे नोकरी असतानाच घर दरमहा दोनशे रुपये खड्ड्यात जात होते. नोकरी जाण्याने खड्डा फक्त दिसू लागला.

दुसऱ्या पानावर एकूण देणे लिहिले : दुचाकीचे ३८ हजार, वैयक्तिक कर्जाचे ८५ हजार, कार्डाचे २४ हजार, किराणा दुकानाची उधारी नऊ हजार आणि मेहुण्याकडून घेतलेले ३० हजार. बेरीज एक लाख ८६ हजार. मनातल्या मनात हा आकडा ‘पाच-सहा लाख’ असा फिरत होता. लिहिल्यावर तो लहान झाला. भीतीचा आकडा नेहमीच वहीतल्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

तिसऱ्या पानावर काटकसर. किराणा-भाजी साडेसहा हजारांवर, वीज-गॅस १,७०० वर, मुलांना शाळेत सोडायला आता वडीलच जाणार म्हणून तो खर्च दीड हजारावर, मोबाइल-पेट्रोल सहाशेवर. भाडे आणि औषध यांना हात लावायचा नाही. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणे ही काटकसर नव्हे, पुढच्या दवाखान्याच्या बिलाची तयारी आहे. नवी बेरीज १६,५००. बायकोची मिळकत सात हजार. हप्ते बाजूला ठेवले तर तूट साडेनऊ हजारांची.

हक्काचे पैसे आधी

कर्ज काढण्याआधी आपले येणे वसूल करावे, हा साधा नियम घाबरलेल्या घरात विसरला जातो. कारखान्याने काढून टाकले म्हणजे सारे संपले, असे नसते. राहिलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे, नोटीस पगार यांचा लेखी हिशेब मागावा. पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल, तर ग्रॅच्युइटी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन असा तिचा हिशेब आहे आणि महिना २६ दिवसांचा धरतात. आपल्या सुपरवायझरचे मूळ वेतन १३ हजार आणि नोकरी सहा वर्षे. १३ हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६ : ४५ हजार रुपये. मालकाने टाळाटाळ केली, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो. ईएसआयची वर्गणी कापली जात असेल, तर बेरोजगारीच्या काळातील भत्त्याची चौकशी त्या कार्यालयात करावी. पीएफ मात्र शेवटी. तो म्हातारपणाचा पैसा आहे.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही प्रेषितांची शिकवण इफ्तारच्या भाषणात नेहमी सांगितली जाते. रमजानमध्ये मोठी इफ्तार पार्टी देणाऱ्या मालकाने आधी काढून टाकलेल्या कामगारांचा हिशेब पूर्ण करावा. त्या दस्तरखानाची चव वाढेल.

४५ हजारांचे काय करायचे?

हातात एकरकमी पैसा आला की मोह होतो, एखादे कर्ज झटक्यात संपवून मोकळे व्हायचे. दुसरा मोह होतो, चार महिने काही झालेच नाही असे जगायचे. दोन्ही चुकतात. सगळे पैसे कर्जात घातले, तर पुढच्याच महिन्यात भाड्यासाठी नवे कर्ज काढावे लागते आणि ते जुन्यापेक्षा महाग असते.

म्हणून आधी तीन महिन्यांची तूट बाजूला काढायची : २८,५००. ती बायकोच्या नावाच्या खात्यात. उरले १६,५००. ते कुठे? जिथे व्याज सर्वांत जड आहे तिथे. क्रेडिट कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असू शकते. २४ हजारांवर ते ८४० रुपये होते. किमान रक्कम १,२०० भरली, तर मुद्दल घटते फक्त ३६० रुपयांनी. ‘किमान भरा’ हा शब्द सवलतीसारखा दिसतो, पण असतो सापळा. १६,५०० भरले की कार्डावर साडेसात हजार उरतात. मग दुचाकीचा विचार. बाजारात ४५ हजार येत असतील, तर वित्त कंपनीची रीतसर संमती घेऊन ती विकायची. ३८ हजारांचे कर्ज मिटते, २,९०० चा हप्ता थांबतो आणि उरलेले सात हजार कार्डावर भरले की तिथे पाचशेच राहतात. सायकलवरून मुलांना शाळेत सोडणाऱ्या बापाकडे गल्ली दोन दिवस बघते, तिसऱ्या दिवशी विसरते.

आता उरला एकच हप्ता, वैयक्तिक कर्जाचा ४,१०० रुपयांचा. घराची तूट साडेनऊ हजार. दोन्ही मिळून १३,६००. या सगळ्या वहीतला हा सर्वांत मोलाचा आकडा आहे. नवऱ्याला लगेच २२ हजारांचीच नोकरी मिळाली पाहिजे, असे नाही. १३,६०० मिळवले की घर उभे राहते. गोदामात हजेरी, सकाळी दूध किंवा पेपरची लाइन, संध्याकाळी मीना बाजारात एखाद्याच्या स्टॉलवर हात, असे दोन-तीन तुकडे जोडून तिथपर्यंत पोचता येते. ‘माझ्या लायकीचे काम’ शोधण्यासाठी मग वेळ मिळतो. प्रेषितांनी स्वतः मोलाने मेंढ्या चारल्या होत्या, हे कुठल्याही मुस्लिम घराला ठाऊक असते. कामाला लाजायचे कारण राहत नाही.

बँकेच्या बाबतीत एकच पथ्य : हप्ता चुकण्याआधी जावे. नोकरी गेल्याचे पत्र जोडून मुदत वाढवण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बँक ऐकेलच असे नाही, पण न सांगता हप्ता बुडवणाऱ्याचे तर कुणीच ऐकत नाही. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, कर्जदाराला किंवा त्याच्या नातेवाइकांना धमकावू नये, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. त्यांचा भंग झाला, तर आधी बँकेकडे आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही. मोबाइल ॲपचे कर्ज आणि विनापरवाना सावकार हे दोन दरवाजे मात्र ठोठावूच नयेत. ॲपवाल्याने फोनमधल्या नंबरांवर बदनामी सुरू केली, तर १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक आहे. सावकाराकडे परवाना नसेल, तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करता येते.

बायकोचे सोने, बायकोची कमाई

अशा घरात कधी ना कधी नजर कपाटातल्या डब्याकडे जाते. इथे शरीअत स्पष्ट आहे. पत्नीची कमाई, तिचे दागिने, तिचा मेहर ही तिची मालमत्ता. घर चालवण्याची जबाबदारी पतीची. तिने अडचणीत पैसे दिले, तर तो तिचा चांगुलपणा. तो गृहीत धरता येत नाही. मेहर दिलेला नसेल, तर ते पतीवरचे कर्जच असते. वहीत त्याची ओळ हवी.

हे सांगायचे अशासाठी, की संकटात बायकोचे सोने न विचारता गहाण पडते आणि नंतर कधी सुटत नाही. तिने राजीखुशीने दिले, तर दोघांनी लिहून ठेवावे : किती ग्रॅम, भेट की उसने, परत कधी. गहाण ठेवणे आणि विकणे यांतही विचार हवा. पुढच्या दोन महिन्यांत पैसे नक्की येणार असतील, तरच गहाण ठेवण्यात अर्थ आहे. उत्पन्नाची खात्री नसताना व्याज भरत राहण्यापेक्षा एखादी लहान वस्तू विकून टाकणे बरे. व्याज हराम मानणाऱ्या घराला तर हा मार्ग अधिक सरळ.

बायकोच्या मिळकतीवर घर चालणे यात कमीपणाही नाही. हजरत खदीजा व्यापारी होत्या आणि त्यांच्या संपत्तीने प्रेषितांच्या घराला सुरुवातीच्या कठीण काळात आधार दिला. सहाबी अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्या पत्नी जैनब यांनी आपल्या गरजू पतीवर खर्च करण्याबद्दल विचारले, तेव्हा त्यात दुहेरी पुण्य आहे, एक नात्याचे आणि एक दानाचे, असे उत्तर मिळाल्याची हदीस आहे. शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला गल्लीतले लोक ‘बिचारी’ म्हणतात. तो शब्द मागे घ्यायला हवा. मात्र तिने दिवसभर शिवायचे आणि इफ्तारीची भजीही तिनेच तळायची, हे चालणार नाही. नवरा घरी आहे तर भांडी त्याच्याकडे.

शीरखुर्मा उधारीवर नको

रमजानचा स्वतःचा खर्च असतो आणि तो इभ्रतीशी जोडलेला असतो. विजापूर वेशीतल्या गर्दीतून मुलांना नुसते फिरवून रिकाम्या हाताने आणणे कुणालाही जड जाते. पण धर्माने लादलेले आणि समाजाने लादलेले यात फरक आहे. रोजा सोडायला खजूर आणि पाणी पुरते. ईदला अंघोळ करून असलेल्यातले चांगले कपडे घालायचे आहेत, नवेच हवेत असा हुकूम नाही. ईदच्या नमाजआधी द्यायचा फितरासुद्धा, हनफी मतानुसार, ज्याच्याकडे देणे वजा जाता ठरावीक मर्यादेएवढी संपत्ती आहे त्याच्यावरच बंधनकारक आहे. कर्जात बुडालेल्या माणसाने फितऱ्यासाठी उसने काढण्याची गरज नाही. शेवया, दूध, साखर, थोडे खोबरे आणि खारीक एवढ्यावर शीरखुर्मा होतो. काजू, बदाम, चारोळी पुढच्या वर्षी. मुलांना खरे सांगितले तर ती मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

ज्यांचे येणे आहे, त्यांच्यासाठी

आतापर्यंत कर्ज घेणाऱ्याला बरेच सांगून झाले. त्याच सूरह बकरामध्ये, उधारी लिहा म्हणणाऱ्या आयतीच्या थोडे आधी, २८० वी आयत पैसे देणाऱ्याशी बोलते. ऋणको खरोखर अडचणीत असेल, तर त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्यावी आणि सोडून देता आले तर ते अधिक चांगले, असा तिचा आशय आहे. अर्थात ऐपत असून देणे लांबवणाऱ्याला हदीसने जुलूम करणारा म्हटले आहे. सवलत अडचणीला आहे, बेइमानीला नाही.

मराठी वाचकाला हा विचार परका नाही. देहूत तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट वारकरी घरातली मुले लहानपणीच ऐकतात. व्याज मुद्दलाहून वाढू नये, हा दामदुपटीचा दंडकही इथल्याच मातीतला. किराणा दुकानदाराने वहीवर तगादा न लावता दोन महिने थांबणे, घरमालकाने अनामतीतून भाडे वळते करणे, भिशीच्या बायकांनी अडलेल्या मैत्रिणीला पहिला नंबर देणे, हे इथल्या पेठांत नेहमी घडते आणि तिथे कुणी धर्म विचारत नाही.

जकातीबद्दल मात्र थोडे नेमके बोलायला हवे. ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी बचत वर्षभर राहिली, तर तिचे अडीच टक्के जकात म्हणून द्यायचे. कुणाला द्यायचे, याचे आठ प्रकार सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आहेत आणि कर्जात अडकलेले लोक हा त्यांतला एक स्वतंत्र प्रकार आहे. तरी रमजानमध्ये आपली नजर दाराशी आलेल्या मागणाऱ्यांवरच जाते. काल-परवापर्यंत इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जाणारा शेजारी त्या रांगेत कधीच उभा राहणार नाही. लाजेखातर हात न पसरणाऱ्या आणि म्हणूनच वरवर पाहणाऱ्याला सुखवस्तू वाटणाऱ्या माणसांकडे कुरआनने मुद्दाम लक्ष वेधले आहे. त्यांना शोधावे लागते.

शोधल्यावर देण्याची रीतही आहे. ही जकात आहे, असे घेणाऱ्याला सांगण्याची सक्ती नाही. मनात नियत असली की पुरे. मुलांची ईदी म्हणून पाकीट दिले तरी जकात अदा होते. भाऊ, बहीण, मेहुणा, काका, मामा पात्र असतील तर त्यांना देता येते आणि त्यात नात्याचेही पुण्य आहे. आई-वडील आणि मुले यांना मात्र जकात चालत नाही, त्यांचा सांभाळ हे कर्तव्यच आहे. आपलेच पैसे अडकले असतील, तर ‘तेवढी तुला जकात’ म्हणून वहीत काट मारणे हनफी उलेमा मान्य करत नाहीत. आधी जकातीची रक्कम त्याच्या हातात द्यावी, मग त्याने आपल्या मर्जीने कर्ज फेडावे. यामागे शहाणपण आहे : पैसा एकदा त्याच्या मालकीचा व्हायला हवा. आणि जकातीबाहेरचा ऐच्छिक सदका कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो.

सहा लाखांच्या बचतीवर १५ हजार जकात होते. वरच्या घराच्या वहीत ती ठेवून पाहा : दुकानाची नऊ हजारांची उधारी फिटते, एका महिन्याचे भाडे निघते आणि हजार रुपये उरतात. दहा दारांवर शंभर-शंभर वाटण्यापेक्षा एका घराला खड्ड्यातून वर काढणारी जकात वेगळी असते. शेवटचा अशरा म्हणजे रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू होण्याआधी आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात, आपल्या कारखान्यात यंदा कुणाचा पगार बंद झाला, याची शांतपणे चौकशी करावी. पाकीट ईदच्या सकाळी नको, आठ दिवस आधी द्यावे. त्या घराला दुकानात जायला वेळ हवा.